नवं सीएनसी की जुनं? भोसरीतल्या एका गाळ्याचं प्रकरण

मी मशीन दुरुस्तीचं काम करतो. जुनं मशीन घ्यायचं असलं की ओळखीचे लोक ते बघायला मला सोबत नेतात. पुढचं प्रकरण २०२२ मधलं, सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर आपोआप चालणारा लेथ, घेण्याचं आहे. ज्यांचं आहे त्यांनी लिहायला होकार दिला. ओळख पटू नये म्हणून नावं घेतलेली नाहीत आणि रकमा थोड्या पुढेमागे केल्या आहेत. त्यात एक चूक माझीही होती, तीही लिहिली आहे.

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीत दोन भावांचा गाळा आहे. थोरले आयटीआयचे टर्नर, हात अत्यंत तयार. धाकटे डिप्लोमा झालेले. चाकणच्या एका कंपनीत आठ वर्षं क्वालिटीत काढली आणि लॉकडाउननंतर भावाच्या जोडीला आले. गाळ्यात दोन हाताने चालवायचे लेथ (जॉब फिरवून त्याला गोल आकार देणारी मशीन), एक मिलिंग, एक ड्रिल आणि एक पॉवर हॅक्सॉ. पिना, बुश, स्पेसर, मेंटेनन्सचे सुटे जॉब, असं हाताला येईल ते काम चाले.

मोठा लेथ एचएमटीचा एनएच-२२. थोरल्यांनी तो १९९८ साली एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुनाच घेतला होता. त्याच लेथवर घर चाललं आणि बहिणीचं लग्न झालं. ‘जुनं लोखंड बसलेलं असतं, नव्यापेक्षा बरं’ असं ते म्हणत, आणि त्यांच्या अनुभवापुरतं ते खरंही होतं. पण त्या लेथचा बेड (ज्यावर स्लाइड सरकते तो पाया) चकजवळ, म्हणजे जॉब पकडणाऱ्या भागाजवळ, चांगला झिजला आहे. बहुतेक सगळं काम चकजवळच होतं, त्यामुळे लेथ तिथेच झिजतो. टेलस्टॉककडचा, म्हणजे दुसऱ्या टोकाचा बेड बघाल तर मूळच्या फिनिशिंगच्या खुणा अजून दिसतात. थोरल्यांना ही झीज पाठ आहे. क्रॉस स्लाइडचं (टूल आडवं सरकवणाऱ्या भागाचं) हँडल ते अर्धा फेरा मागे घेऊन लूज काढतात, मग पुढे आणतात. शेवटचा कट घेताना चकजवळ अगदी थोडा हात दाबतात. माप बरोबर येतं, पण ते माप लेथ देत नसतो, थोरल्यांचा हात देतो. सीएनसीच्या बाबतीत पुढे सगळा पेच इथूनच सुरू झाला.

अडचण

जून २०२२ मध्ये धाकट्यांच्या जुन्या ओळखीतून एका बुशचं, म्हणजे पोकळ गोल पार्टचं, काम आलं. मटेरियल ईएन८ स्टील, बाहेरचा व्यास ४२ एच६, आतला बोअर (भोक) २८ एच७, महिन्याला ४,००० नग. एच६, एच७ हे मापाला किती सूट आहे ते सांगणारे कोड. ड्रॉइंग वाचणाऱ्याला यातला जोर लगेच कळेल. बाहेरचा व्यास ४१.९८४ ते ४२.००० मिलिमीटरमध्ये, म्हणजे फक्त १६ मायक्रॉनची सूट (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बोअरला २१ मायक्रॉन. सॅम्पल सप्टेंबरच्या मध्यापर्यंत द्यायचे आणि रेग्युलर माल ऑक्टोबरपासून.

लेथवर या मापाचे दिवसाला वीस-पंचवीस नग निघाले असते, तेही थोरल्यांनी दुसरं काही न करता. म्हणजे सीएनसी घ्यावंच लागणार होतं. दोन्ही सेटअप आणि लोडिंग धरून नगाला ४ मिनिटं, म्हणजे महिन्याला साधारण २६७ तास. एका शिफ्टमध्ये हे बसत नाही, दोन ऑपरेटर लागतात.

नगाला २३ रुपये दर ठरला. मटेरियल पार्टीचं. महिन्याला ९२,००० रुपये. धाकट्यांनी एका रात्रीत हिशेब मांडला: दोन ऑपरेटर ३६,०००, वीज १४,००० च्या आसपास, इन्सर्ट (टूलची बदलायची कापणारी टोकं), कूलंट, तेल १०,०००. उरतात ३२,०००. नवं मशीन १७ लाखांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी. १३ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता २८,२६५ रुपये. म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर महिन्याला हातात चारएक हजार. एक महिना पार्टीने माल कमी उचलला की हप्ता खिशातून भरायचा.

इथे दोघे भाऊ आमनेसामने आले. धाकटे म्हणत, नवं घेऊ, उरलेल्या तासांत दुसरं काम शोधू. थोरले म्हणत, दुसरं काम आधी दाखव, मग कर्ज काढ. मला बोलावलं ते या भांडणात पंच म्हणून. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं आणि मी दोघांना तसं सांगितलं.

कोणते पर्याय तपासले

नव्या मशीनच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच होतं. वॉरंटी, बसवून देणारा माणूस, ऑपरेटरचं ट्रेनिंग आणि बंद पडलं तर फोन करायला एक हक्काचा नंबर. त्यांच्या सीएने करातला एक मुद्दाही काढला. कारखान्यात घेतलेल्या नव्या मशीनवर नेहमीच्या १५ टक्के घसाऱ्याशिवाय २० टक्के जादा घसारा मिळतो. जुन्या मशीनवर हा जादा घसारा नाही. दोघांची भागीदारी फर्म असल्याने त्यांना तो लागू होता. पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी अर्धाच, उरलेला पुढच्या वर्षी. आणि मुळात तेवढा नफा असेल तर त्याचा उपयोग. ही वजावट पुढे ओढता येते, पण तिच्यातून हप्ता भरता येत नाही.

खरा अडथळा वेळेचा होता. त्या वर्षी इलेक्ट्रॉनिक चिपच्या टंचाईमुळे कंट्रोल (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) आणि मोटरचे ड्राइव्ह उशिरा येत होते. कोटेशनवर डिलिव्हरी १४ आठवडे लिहिली होती. जूनअखेर ऑर्डर दिली असती तरी मशीन ऑक्टोबरमध्ये आलं असतं. सॅम्पल सप्टेंबरात हवे होते.

दुसरा पर्याय नव्वदच्या दशकातलं आयात जपानी मशीन. बॉडी अशी भक्कम की हात फिरवावासा वाटतो. पण कंट्रोल तीस वर्षांचं, काचेच्या नळीचा स्क्रीन आणि बोर्ड गेलं तर बाजारात शोधत फिरायचं. ज्यांच्याकडे स्वतःचा इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे त्यांनी घ्यावं. इथे तसं कोणी नव्हतं.

आपल्याच लेथला सीएनसी किट बसवण्याचा विचार थोरल्यांनी मांडला. झिजलेल्या बेडवर सर्व्हो मोटर बसवली की झीज तशीच राहते, फक्त आता ती सांभाळणारा हात जातो. त्यांना हे पटायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

चौथा पर्याय देशी बनावटीचं जुनं सीएनसी, आणि त्यात दोन मशीन पुढे आली. पाचवा पर्याय होता शेजारच्या गाळ्यातल्या सीएनसीचे रिकामे तास भाड्याने घेण्याचा. तो आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आला नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

पहिलं मशीन: व्यापाऱ्याकडचं

२००९ चं मशीन, जुन्या मशीनच्या एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये, ५ लाख ७५ हजार. नुकताच रंग दिलेला. रंग मला खटकत नाही, पण इथे तो रबरी वायपरवरही मारलेला होता. स्लाइडच्या तोंडाशी धातूचा कीस आणि धूळ पुसणारी ती रबराची पट्टी. तिच्यावर रंग म्हणजे रंग देणाऱ्याने काही खोललेलं नाही, वरून फवारा मारला. मग आतही काही झालेलं नसणार असं समजून पुढे जावं.

आम्ही पोचलो तेव्हा मशीन चालू करून गरम करून ठेवलं होतं. मी ते बंद करायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो. थंड मशीन चालू होतानाचा आवाज आणि पहिल्या दहा मिनिटांतली हालचाल जे सांगते ते गरम मशीन सांगत नाही. झेड अक्षाचं, म्हणजे चकच्या दिशेने येण्याजाण्याच्या हालचालीचं, कव्हर काढायला व्यापारी तयार नव्हता. अर्धा तास बोलणं झालं, मग काढलं. स्लाइडवर बोट फिरवलं तर एका बाजूला तेलाचा थर होता, दुसरी बाजू कोरडी. ल्युब्रिकेशनची एक लाइन कधीची तुंबलेली होती.

मग डायल (मायक्रॉन दाखवणारं मापयंत्र) लावला. फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर बॅकलॅश (दिशा उलटताना पडणारा लूज) भरून काढायचा आकडा १८५१ नंबरच्या पॅरामीटरमध्ये असतो. डायल लावण्याआधी मी तो बघतो, कारण बॉलस्क्रू (स्लाइड सरकवणारा स्क्रू) किती झिजला आहे हे मागच्या मेंटेनन्सवाल्याने तिथे लिहूनच ठेवलेलं असतं. झेडला ३१ होता, म्हणजे ३१ मायक्रॉन. एवढ्यावर मी मशीन नाकारत नाही. पण हँडव्हीलने दिशा उलटवून बघितलं तर चकजवळ त्याउपरही १८ मायक्रॉन कमी पडत होते आणि दुसऱ्या टोकाला स्लाइड १२ मायक्रॉन जास्त सरकत होती. हिशेब केला तर एकाच स्क्रूवर चकजवळ ४९ आणि दुसऱ्या टोकाला १९ मायक्रॉन लूज. कंट्रोलमध्ये त्या अक्षाला एकच आकडा भरलेला. तो एका जागी बरोबर केला की दुसऱ्या जागी चुकतो. थोरले माझ्या शेजारी उभे होते. ते म्हणाले, ‘हा आपलाच लेथ झाला की, फक्त हँडल नाही.’ जुन्या सीएनसीबद्दल याहून नेमकं बोलणं मी ऐकलेलं नाही.

शेवटी टरेट (सगळी टूल धरून फिरणारा भाग) बघितला. एका टूलवर डायल शून्य केला, टरेट पूर्ण फिरवून तेच टूल परत समोर आणलं. असं दहा वेळा केलं. चांगला टरेट दोन-तीन मायक्रॉनमध्ये परत येतो. इथे रीडिंग ७ मायक्रॉनमध्ये खालीवर होत होतं. एक्स अक्षावरची (व्यासाच्या दिशेची) चूक व्यासावर दुप्पट होते. म्हणजे १४ मायक्रॉन फक्त टरेटचे, आणि ड्रॉइंगची सूट सगळी मिळून १६. बहुधा कधीतरी टूल चकवर जोरात आदळलं असणार.

व्यापारी म्हणाला, ‘शेठ, एक पीस काढून दाखवतो.’ त्याने काढला आणि पीस मापात आला. एक पीस कुठलंही मशीन मापात काढतं. आम्ही आभार मानून निघालो. बाहेर आल्यावर धाकटे म्हणाले की मोठे बुश, पुली, ज्यांना ५० मायक्रॉनची सूट चालते त्या कामाला हे मशीन वाईट नाही. बरोबर होतं. ५ लाख ७५ हजारांत ते कोणाला तरी उपयोगी पडलं असतं. या बुशला नाही.

दुसरं मशीन: वापरणाऱ्याकडून थेट

जुलैअखेर चाकणच्या एका कारखान्यातलं २०१४ चं मशीन निघालं. त्यांची ती लाइन बंद होत होती. मागणी ९ लाख ५० हजार, शेवटी ९ लाख २५ हजारांवर तुटलं. मशीन अजून जागेवर उभं होतं, विजेला जोडलेलं होतं, आणि ते ज्याने चालवलं तो ऑपरेटर तिथेच होता. जुन्या मशीनच्या बाबतीत या तीन गोष्टी एकत्र मिळणं फार मोठं आहे. त्या ऑपरेटरने विचारण्याआधीच सांगितलं की कूलंट पंप दोनदा बदलला आहे आणि पावसाळ्यात दाराचा सेन्सर त्रास देतो. जो माणूस खोड सांगतो त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास ठेवता येतो.

त्याच पॅरामीटरमध्ये झेडचा आकडा ९. टरेट तीन मायक्रॉनमध्ये परत आला. स्पिंडलमध्ये (चक फिरवणाऱ्या भागात) टेस्ट मँड्रेल, म्हणजे तपासणीचा अचूक दांडा, लावून तोंडाशी आणि ३०० मिलिमीटरवर रनआउट (फिरताना होणारी डुगडुग) बघितला, तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. मशीन किती तास चाललं त्याचे आकडेही बघितले, पण ते बदलता येतात, म्हणून मी त्यांच्यावर निर्णय घेत नाही.

या वेळी आम्ही आपलाच ईएन८ बार नेला होता. सलग तीस नग काढले, प्रत्येक नग मोजून वहीत लिहिला. पहिल्या दहा नगांत व्यास हळूहळू ६ मायक्रॉन सरकला आणि तिथे थांबला. मशीन तापताना हे होतंच, नव्यातही होतं. मग मुद्दाम पंधरा मिनिटं चहाला गेलो, येऊन परत पाच नग काढले. पहिले दोन किंचित सरकलेले, पुढचे जागेवर. धाकट्यांचा क्वालिटीतला अनुभव इथे कामी आला. त्यांनी तिथेच ठरवलं की सकाळी आणि जेवणानंतर पहिल्या पाच नगांवर ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) बघायचा.

पैशाचा प्रश्न

मशीन पसंत पडलं आणि बँकेने पाय मागे घेतला. आठ वर्षांचं मशीन, चार्टर्ड इंजिनिअरचं मूल्यांकन आणा, ४० टक्के तुम्ही घाला, मग बघू. या सगळ्याला महिना गेला असता आणि विकणाऱ्याकडे दुसरी पार्टी उभी होती. नव्या मशीनला हीच बँक कोटेशनवर कर्ज द्यायला तयार होती. जुनं मशीन स्वस्त असतं, पण त्याचे पैसे उभे करणं महाग पडतं, हे आधी कोणी विचारातच घेत नाही.

किंमत ९,२५,००० आणि जीएसटी १,६६,५०० मिळून जवळजवळ ११ लाख रोख लागणार होते. जीएसटी पुढे परत वळता होतो हे खरं, पण द्यायला आधीच लागतो. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतून ४ लाख आले. घरातलं सोनं ठेवून साडेचार लाख. उरलेले २ लाख ४० हजार गाळ्याच्या कॅश क्रेडिटमधून (रोजच्या धंद्यासाठी बँकेने दिलेल्या उचलीच्या लिमिटमधून) काढले. सोनं ठेवायला थोरल्या वहिनींनी स्वतः सांगितलं. कॅश क्रेडिटमधून काढायला मात्र सीए नको म्हणत होते. मी त्या वेळी गप्प बसलो. ते माझं क्षेत्र नव्हतं, पण सीएंचं ऐका एवढं तरी म्हणायला हवं होतं.

काय बिघडलं

१२ ऑगस्टला हायड्रा (क्रेन) आणि ट्रेलर लावून मशीन भोसरीत आणलं. तीनएक टनांचं मशीन, पण शटरमधून जेमतेम आत गेलं. खरी गोष्ट पुढेच. गाळ्याची फरशी चार इंची कोबा होती. ती फोडून मशीनपुरता जाड आरसीसी टाकावा लागला आणि तो पिकायला दिवस गेले. महावितरणकडे वाढीव लोडचा अर्ज मशीन ठरल्यावर केला, तो खूप आधी करायला हवा होता. शिवाय मंजूर लोड २० किलोवॅटच्या वर गेला की दराचा टप्पा बदलतो आणि डिमांड चार्ज केव्हीएवर लागतो. वीज खर्चाचा आधीचा हिशेब त्यामुळे थोडा वर सरकला. स्टॅबिलायझर, वेगळी अर्थिंग, केबल हे नव्या मशीनलाही लागलंच असतं, म्हणून ते मी जुन्याच्या नावावर टाकत नाही.

या सगळ्यात मशीन १९ दिवस विजेशिवाय उभं राहिलं. ३१ ऑगस्टला गणपती बसले, त्याच संध्याकाळी मी पहिल्यांदा मेन स्विच टाकला. स्क्रीनवर अलार्मची रांग लागली. आतली बॅटरी संपलेली होती आणि पॅरामीटर गेले होते. अक्षांच्या जागा, स्पिंडलची सेटिंग, टरेटची सेटिंग, सगळं.

मशीन बंद असताना कंट्रोलची ही मेमरी बॅटरीवर टिकते. बॅटरी किती जुनी आहे हे मी चाकणला विचारलं नव्हतं. त्याहून मोठं म्हणजे मशीन जागेवरून हलवण्याआधी पॅरामीटर मेमरी कार्डवर घ्यायचे असतात. पाच मिनिटांचं काम. हे मी दुसऱ्यांना कितीदा सांगितलं आहे. त्या दिवशी हायड्रावाला घाई करत होता, ट्रेलर रस्त्यात आडवा उभा होता, आणि ते राहून गेलं. चूक पूर्णपणे माझी. समोर आरती चालू होती आणि मी त्या दोघांना काय झालंय ते सांगत होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मशीन बनवणारा पॅरामीटरची छापील यादी इलेक्ट्रिकल कपाटात ठेवून देतो. आमच्या कपाटात ती नव्हती. चाकणच्या त्या ऑपरेटरला फोन केला. त्याने मेंटेनन्सच्या फायलीतून जुना प्रिंट शोधून काढला आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः घेऊन आला. कंट्रोलचा एक स्वतंत्र इंजिनिअर बोलावला. त्याने आणि धाकट्यांनी दोन दिवस बसून एकेक आकडा हाताने भरला, एक वाचायचा, दुसरा टाकायचा. मग अक्षांचे शून्य पुन्हा बसवले, टरेट जुळवला, लेव्हल ०.०२ मिलिमीटर प्रति मीटरमध्ये आणली. इंजिनिअरचे २२,००० मी देऊ केले. दोघा भावांनी माझ्याकडून निम्मेच घेतले.

तारीख सांभाळण्यासाठी उचललेलं पाऊल

सॅम्पलची तारीख आली होती आणि मशीन अजून मापात आलं नव्हतं. तेव्हा थोरले तीन गाळे सोडून असलेल्या एका सीएनसीवाल्याकडे गेले. त्याची रात्रपाळी रिकामी होती. सॅम्पल त्याच्याकडे निघाले आणि पास झाले. ऑक्टोबरचे पहिले १,८०० नगही त्याच्याकडेच काढले. नगाला ६ रुपये तोटा गेला, म्हणजे १०,८०० रुपये. ऑर्डर मात्र हातात राहिली.

खंडेनवमीला, ४ ऑक्टोबरला, गाळ्यातल्या सगळ्या मशीनची पूजा झाली. झेंडूचा पहिला हार थोरल्यांनी नेहमीप्रमाणे एचएमटीला घातला, दुसरा नव्या पाहुण्याला. पंधरवड्याने आपल्या मशीनवरचा माल पार्टीकडे जायला लागला.

निष्पत्ती

जुन्या मशीनच्या खात्यावर पडलेला खर्च असा निघाला: वाहतूक आणि हायड्रा ३८,०००, बेल्ट, वायपर, ल्युब्रिकेशन पंप, तेल, बॅटरी ४७,०००, कंट्रोलचं काम २२,००० (माझे निम्मे धरून), बाहेर काढलेल्या मालाचा तोटा १०,८००. मूळ किमतीत हे धरलं तर १० लाख ४३ हजारांच्या आसपास. नव्याला वाहतूक लागलीच असती. तरीही साडेसहा लाखांच्या घरात फरक राहिला. मशीन मापात चालायला मात्र दोन महिन्यांहून जास्त गेले.

कॅश क्रेडिटचा फटका हिवाळ्यात बसला. पार्टीचं पेमेंट ६० दिवसांनी, आणि लेथच्या कामासाठी लागणारं मटेरियल घ्यायला लिमिट उरलेलं नाही. दोन जुनी गिऱ्हाइकं त्या काळात दुसरीकडे गेली. त्यातलं एक अजून परत आलेलं नाही. मशीन बघताना आम्ही मायक्रॉन मोजले, ही गळती कोणीच मोजली नव्हती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पार्टीने दोन महिने माल निम्म्यावर आणला. थोरल्यांना ज्याची भीती होती तेच झालं. सोन्याचं व्याज चालू होतं, पण २८ हजारांचा हप्ता डोक्यावर नव्हता, म्हणून गाळा तगला. धाकट्यांनी तेव्हा भावाला जाऊन तुमचं बरोबर होतं असं सांगितलं, हे मला थोरल्यांनीच कळवलं.

डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी दुसरं सीएनसी घेतलं, या वेळी कोरं नवं. सव्वा वर्षाचे हिशेब आणि दोन पार्ट्यांच्या पक्क्या ऑर्डरी दाखवता आल्या, म्हणून बँकेने सीजीटीएमएसईच्या (लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टच्या) हमीवर घर गहाण न ठेवता कर्ज दिलं. सोनं त्याआधीच सोडवून घेतलं होतं.

आज हेच प्रकरण समोर आलं तर

मी पहिल्या आठवड्यात शेजारचा रिकामा सीएनसी शोधायला सांगेन. तीन महिने तोट्यात का होईना बाहेर काम काढलं असतं तर पार्टी खरंच ४,००० नग उचलते का हे कळलं असतं आणि मशीन शांतपणे निवडता आलं असतं. नव्या मशीनचे १४ आठवडेही मग अडचण राहिली नसती. आम्ही तारखेला घाबरून निवड केली. निवड बरी निघाली, पण ती घाबरून झाली होती.

फरशी आणि वाढीव लोड यांची कामं मशीन ठरण्याआधी सुरू करेन. विकणाऱ्याला द्यायचे शेवटचे ५० हजार मशीन आपल्या गाळ्यात मापात चालेपर्यंत रोखून धरण्याची बोलणी करेन. आम्ही ते विचारलंही नाही, विचारलं असतं तर चाकणचे लोक बहुधा हो म्हणाले असते. कॅश क्रेडिटला हात लावू देणार नाही. त्यापेक्षा विकणाऱ्याला दोन हप्त्यांत पैसे घ्यायला विनवलेलं बरं.

व्यापाऱ्याकडच्या मशीनबद्दल मात्र काहीच बदलणार नाही. लेथ, ड्रिल, पॉवर हॅक्सॉ जुनं घ्यायला मी आजही मोकळ्या मनाने सांगतो. तिथली झीज डोळ्याला दिसते, हाताला लागते, आणि कारागीर ती सांभाळून घेतो. सीएनसीत सांभाळून घेणारं कोणी नसतं. म्हणून तिथे डायल, आपला स्वतःचा बार आणि सलग तीस नग यांशिवाय मी ॲडव्हान्सचा रुपयाही देऊ देत नाही.

परवा त्या गाळ्यात गेलो होतो. जुन्या सीएनसीच्या कपाटाच्या दारावर आतून मार्करने तारखा लिहिल्या आहेत, वर्षाला एक, प्रत्येकीपुढे थोरल्यांच्या अक्षरात ‘बॅटरी बदलली, मशीन चालू ठेवून’. खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत मेमरी कार्ड चिकटवलेलं आहे आणि त्याच्या शेजारी चाकणच्या ऑपरेटरने आणलेला तो प्रिंट, घडीवर फाटलेला, मागून सेलोटेप लावून जोडलेला.